गाडी गेली की बाबा उभे

माझ्या गाडीचा रंग कोणता असं आमच्या चाळीत विचारलं, तर निम्मे लोक चंदेरी सांगतील. गाडी लाल आहे. चंदेरी आहे ते तिचं कव्हर. गेल्या दीड वर्षात लोकांनी गाडीपेक्षा कव्हरच जास्त पाहिलंय, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

गाडी मी घेतली ती वडिलांसाठी. हे वाक्य ऐकायला फार छान वाटतं, म्हणून मी ते ऑफिसात सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवलंही होतं. बाबांनी एकतीस वर्षं वाळकेश्वरच्या एका शेटची गाडी चालवली. रोज मागचं दार उघडायचं, शेट बसले की बंद करायचं, आणि संध्याकाळी बसने लालबागला परत यायचं. गाड्या बदलल्या, थोरले शेट जाऊन धाकटे आले, पण बाबा काही कधी मागच्या सीटवर बसले नाहीत. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. गाडी मी चालवतेय आणि बाबा मागे ऐसपैस बसलेत. बस, एवढंच. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता आईवडिलांजवळ राहिलेली पंचेचाळीस वर्षांची बाई मी, माझी एवढी हौस पुरी व्हायला काहीच हरकत नव्हती.

गाडी आली त्या दिवशी नारळ फुटला, चाकांखाली लिंबं गेली, आईने बॉनेटवर हळदकुंकवाने स्वस्तिक काढलं. मी मागचं दार उघडून म्हटलं, "बाबा, बसा."

बाबा बसले नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, गाडीबरोबर फुकट मिळालेलं कव्हर दोन बोटांत धरून वर केलं आणि विचारलं, "हे काय?"

"कव्हर आहे."

"ही पिशवी आहे. ह्याच्यात भाजीसुद्धा घामेजते."

मग चाळीच्या दारात, हार घातलेल्या गाडीसमोर, माझं शिक्षण सुरू झालं. कव्हराला आतून मऊ अस्तर हवं, नाहीतर वाऱ्याने ते हलतं आणि रंगावर ओरखडे उठतात. कापड श्वास घेणारं हवं, नाहीतर आत दमट होऊन रंगाला फोड येतात. ओल्या गाडीवर कव्हर घालणाऱ्या माणसाला गाडी देऊच नये. आणि कव्हर घालायच्या आधी धूळ झटकायची, कारण कव्हराखाली अडकलेली धूळ बाहेरच्या धुळीपेक्षा वाईट. आई मध्येच म्हणाली, आधी एक चक्कर तरी मारून येऊ. बाबा म्हणाले, "उघड्यावर ठेवायची तर आधी तिच्या अंगावर घालायची सोय बघा. चक्कर कुठे पळून जाते?" ती खरंच कुठे पळून गेली नाही. अजून तिथेच आहे.

परळला सीटकव्हर शिवणारा एक म्हातारा कारागीर बाबांच्या ओळखीचा होता. त्याला त्यांनी गाडीपाशी आणून मापं घ्यायला लावली. माझ्या शाळेच्या गणवेशाचं माप घेताना बाबा हजर असल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र ते टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. आरशांसाठी दोन कान, खालून बांधायला चार पट्टे, पुढच्या बाजूला ओळख पटावी म्हणून लाल गोंड्यांची नाडी. आठ दिवसांनी कव्हर आलं आणि गाडी अंगभर कपडे घालून उभी राहिली.

कव्हराची गरजच नव्हती असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत गाडी उघडी ठेवणं हे धाडसच आहे. वर बदामाचं झाड, त्याच्यावर कावळे, त्याच्या शेजारी तीन मजल्यांच्या गॅलऱ्या आणि प्रत्येक गॅलरीत पान खाणारं निदान एक माणूस. एप्रिलमध्ये बाबांची पाठ वळली की बायका येऊन बॉनेटवर कुरडया वाळत घालायच्या, कारण कव्हराचं कापड स्वच्छ असतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात पहिला हात माझ्या आईचा.

पण खरा घोळ कव्हराचा नव्हता, जागेचा होता. आमच्या गल्लीत गाडी बाहेर निघाली की जागा गेली. लोक म्हणून जागेवर रंगाचा रिकामा डबा ठेवतात, मोडकी खुर्ची ठेवतात, दगड ठेवतात. बाबांना हा प्रकार गावंढळ वाटायचा. डबा कुणीही उचलून बाजूला ठेवतो, माणूस कोण उचलणार? म्हणून ते स्वतःच उभे राहायचे.

कव्हर आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही माटुंग्याला डोसा खायला निघालो. बाबांनी कव्हर काढलं. काढायचीही पद्धत होती. दोन्ही बाजू आधी टपावर आणायच्या, मग मागून पुढे गुंडाळत यायचं, म्हणजे बाहेरची मळकी बाजू आतल्या अस्तराला लागत नाही. गुंडाळी काखेत मारली. आईला पुढे बसवलं, दार लावलं आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "सावकाश जा."

"आणि तुम्ही?"

"जागा कोण धरणार?"

मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं असेल. दोन तासांनी परत आलो तर बाबा त्याच जागी, काखेत तीच गुंडाळी. आम्हाला बघताच ते मागे सरकले आणि हात हलवायला लागले. "आनदे, आनदे, डावी मार, आनदे... बस." एकतीस वर्षं त्यांनी शेटची वाट बघत गाडीशेजारी उभं राहून काढली होती. आता मुलीच्या कृपेने ते गाडी नसलेल्या जागेशेजारी उभे होते. याला प्रगती म्हणतात.

हेच मग रीतसर चालू झालं. आई गाडीतून दादरला ब्लाउजपीस घ्यायला गेली, सिद्धिविनायकाला गेली, एका मैत्रिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणालासुद्धा बाकीच्या मैत्रिणींसकट गेली. ज्या माणसासाठी गाडी घेतली तो सोडून चाळीतले बहुतेक सगळे लोक माझ्या गाडीत बसून आले. बाबांच्या सख्ख्या चुलतभावाच्या नातवाचं गिरगावात लग्न होतं. आम्ही गाडीने गेलो. ज्याच्या नात्यातलं लग्न तो माणूस लालबागला रस्त्यावर उभा. तिथे जो तो विचारत होता, दादा कुठे आहेत? आई न चुकता सांगत होती, "ते गाडीकडे आहेत." गाडी हॉलच्या दारात होती. येताना आईने त्यांच्यासाठी डब्यात मठ्ठा आणि जिलेबी आणली, आणि बाबांनी ती त्याच जागेत उभं राहून खाल्ली.

त्या दिवशी मी चिडले. "गाडी कोणासाठी घेतली?" म्हणून विचारलं.

"माझ्यासाठी."

"मग बसत का नाही?"

"माझ्यासाठी घेतलीस ना? मग मी सांगतो तशी राहू दे." आणि हळू आवाजात, "रवांदे गं बाय. नवीन आहे अजून."

गणपतीच्या दिवसांत तर त्यांची चांदी. दहा दिवस रस्ते बंद, बांबूचे अडसर लागलेले, गाडी हलवायची म्हटली तरी हलणार नाही. सगळं जग देवाच्या दर्शनाला रांगेत उभं असताना बाबा सकाळ-संध्याकाळ कव्हरावरचा गुलाल झटकत होते. इतके खूश ते मला वर्षभरात दिसले नव्हते.

मग एके दिवशी मी गाडी मागे घेत होते. बाबा मागून सांगत होते, "आनदे, आनदे, आनदे..." आणि मी आणत गेले. 'बस' काही आलं नाही. त्याऐवजी आवाज आला. मागचा बंपर विजेच्या खांबावर बसला होता.

मी उतरले ती तोंड सोडायच्या तयारीने. अंगभर कव्हर घालून जपलेली गाडी जपणाऱ्यानेच ठोकायला लावली, यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण बाबा खांबाकडे बघत होते. नंतर त्यांनी हात पुढे करून खांब चाचपला. म्हणाले, "हा इथे आहे होय?" खांब त्यांच्या जन्माआधीपासून तिथेच आहे. माझा राग जागच्या जागी जिरला. ह्या माणसाला दिसत नव्हतं, आणि आम्ही दोघी खुशाल गाडीतून डोसे खात हिंडत होतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माटुंग्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आधी एक डोळा करू, दिवसाच्या दिवसात घरी जाल, पण येताजाता धूळ लागता कामा नये. "गाडी आहे ना घरची?"

बाबा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "आहे."

हे जाणं-येणंही टॅक्सीनेच झालं, गाडी जागेवरून हलली नाही. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "जागेचं काय?" मी सांगितलं, गेली तर गेली. ते त्यांना चालण्यासारखं नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "मी उभी राहते. त्यात काय मोठं?" आदल्या संध्याकाळी बाबांनी तिची तालीमच घेतली. कुठे उभं राहायचं, टेम्पो आत घुसायला लागला तर काय करायचं, कव्हर कुठल्या काखेत धरायचं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी खुर्ची टाकून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन, ती भर जागेत निवडत बसली. कव्हर तिने खुर्चीच्या पाठीला लावलं होतं. बाबांना ते दिसलं नाही, तेवढंच बरं.

मी पहाटेपासून धावत होते. कागदपत्रं, थेंब, काळा चष्मा, पाण्याची बाटली. मागची सीट झटकून तिच्यावर मी धुतलेली चादरसुद्धा घातली होती. दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते आज होणार होतं, निमित्त डोळ्याचं का असेना.

बाबा खाली आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सरळ गाडीच्या डाव्या बाजूला गेले, मागचं दार उघडलं आणि दाराला धरून उभे राहिले. मी ड्रायव्हरच्या दाराशी. दोघंही थांबलो. मग माझ्या लक्षात आलं की ते माझी वाट बघताहेत, मी बसायची. त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी मान खाली घातली, दार लावलं आणि पुढचं दार उघडायला गेले.

"नाही," मी म्हटलं. "आज तुम्ही मागे."

"कशाला? पुढे बरा असतो मी."

"बाबा, मागे बसा."

ते बसले. सीटच्या कडेला, पाठ न टेकता, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी दार लावलं, अगदी रीतसर, ते लावायचे तसं. आई मेथी निवडता निवडता आमच्याकडे बघत होती. माझा ऊर भरून आला होता आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. असा अभिमान वाटायला लागला की खरं तर सावध व्हायला हवं.

लालबाग मागे पडलं, परळ आलं. आरशात बघितलं तर बाबा तसेच ताठ. "टेका ना पाठ," मी म्हटलं. "एसी वाढवू का?" "पाणी देऊ?" प्रत्येकाला उत्तर, "नको." दादरच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते पहिल्यांदा आपणहून बोलले.

"बाय, इथनं तुझी नुसती मान दिसते."

"हं?"

"मान आणि केस. तोंड नाही दिसत." मग म्हणाले, "त्यांना पण माझी एवढीच दिसली असेल. एकतीस वर्षं."

शेटच्या जागेवर बसवून मी त्यांचा मोठा मान करायला निघाले होते, आणि त्या जागेवरून त्यांना त्यांची मुलगी दिसत नव्हती. मला रडू येत होतं, आणि मागून दिसत नाही म्हणून मी ते येऊ दिलं.

"गाडी बाजूला घे," बाबा म्हणाले. "मी पुढे येतो."

सिग्नल सुटल्यावर मी गाडी बाजूला घेतली. मागच्याने हॉर्न वाजवला, वाजवू दे. बाबा चाचपडत उतरले, एक हात गाडीच्या अंगावर ठेवून पुढच्या दारापर्यंत आले, बसले. पट्टा स्वतःच लावला, एका झटक्यात. मग मान वळवून, डोळे बारीक करून, अगदी जवळ येऊन त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना तू?"

नव्हतं खाल्लं.