यरीहोच्या वाटेवर थांबलो

आम्ही ख्रिस्ती लोक नवस करत नाही, असं मी चितेगावच्या कंपनीतल्या मित्रांना छाती फुगवून सांगत आलो होतो. मग बायकोच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली, आवाज गेला, तोंडातून नुसती हवा येऊ लागली, आणि मी नवस केला. त्याला 'संकल्प' म्हटलं एवढंच. तिला घरी सोडायच्या आत, आठ दिवसांत, बायबलातली चारही शुभवर्तमानं तिला मोठ्याने वाचून दाखवायची आणि देवाने तिचा आवाज परत द्यायचा. चर्चच्या गायनवृंदात पहिला सूर गेली वीस वर्षं तिचाच. डॉक्टर म्हणाले होते, नसेला सूज आहे, आवाज येईल की नाही ते आज सांगता येत नाही. देव खरंच ऐकतो का, ही शंका मला त्या दिवसांत पहिल्यांदा आली, आणि ती दाबायला मी आणखी जोरात वाचत होतो.

वहीत अध्यायांचा हिशेब ठेवत होतो. एक संपला की बरोबरची खूण. कंपनीच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेतो, तसे मी प्रभूचे शब्द उतरवून घेत होतो. बायको डोळे मिटून पडलेली असे. शहागंजच्या बाजारातून आणलेली पाटी तिच्या उशाशी होती, पण तीवर 'पाणी' नि 'पंखा' यापलीकडे ती काही लिहीत नव्हती. मलाही विचारायला सवड नव्हती.

दवाखान्याच्या त्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर पाचोडकडची एक सून होती. सोबतीला तिची सासू, सारा जन्म मेंढरांमागे गेलेली. पाचव्या दिवशी दुपारी म्हातारी माझ्याकडे सरकून बसली. "मास्तर, लई पळताय तुम्ही," ती म्हणाली. "मेंढरं पाण्यावर आणून लगेच हाकलली, तर एक बी पीत नाय. जरा दमानं वाचा की. मला बी ऐकायचंय."

मला राग आला. त्या दिवसाचे पाच अध्याय बाकी होते. पण म्हातारीला नाही कसं म्हणणार? यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट चालू होती, ती पुन्हा वाचली, एकेक ओळ. तो हाका मारतो, लोक त्याला गप्प करतात, प्रभू येशू थांबतात, त्याला जवळ बोलावतात आणि तुला काय हवं म्हणून विचारतात.

"थांबा," म्हातारी म्हणाली. "आंधळ्याला काय पायजे, ते त्यांना कळत नव्हतं व्हय?"

"कळत असणार."

"तरी इचारलं?" ती मान हलवत राहिली. "लई मोठा माणूस म्हणायचा."

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेली. पण त्या प्रश्नापाशी कधी थांबलो नव्हतो, नजर नेहमी पुढच्या, त्याला दृष्टी मिळण्याच्या चमत्कारावर. त्या दुपारी थांबलो. प्रश्न तोंडात घोळवत राहिलो आणि भयंकर लाज वाटली. बायकोला काय हवं, ते पाच दिवस मी देवाला सांगत होतो, तिला एकदाही विचारलं नव्हतं. पुस्तक मिटलं, पाटी तिच्या हातात दिली. "तुला काय हवंय गं?" मग तिने लिहिलं, 'मला भीती वाटते. वाचू नका. जवळ बसा.'

मी बसलो. दोघंही रडलो. संकल्प तिथेच मोडला. त्यानंतर तिला विचारून आम्ही रोज तीच गोष्ट वाचली, कधी चार ओळी, कधी एकच, आणि मध्ये गप्प बसत गेलो. आवाज मागणं सोडलं नाही, मुदत घालणं सोडलं. म्हातारी सुनेला घेऊन गावी गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर महिन्याभराने एका सकाळी मी वाचत होतो. कंपनीच्या बसची वेळ होत आली होती, आणि जुन्या खोडीने जीभ पळू लागली.

"हळू."

मी पुढची अर्धी ओळ वाचून गेलो, तेव्हा कळलं कोण बोललं. घोगरा, फाटका, पण तिचाच आवाज. त्या दिवशी बस चुकली.

पहिला सूर आता दुसरी बाई लावते, बायको मागच्या रांगेत गाते. रोज सकाळी पवित्र शास्त्र तीच वाचते. एका दमात चार शब्द, तिला पळता येतच नाही. मी ऐकतो. खुणांची वही अजून कपाटात आहे, अर्ध्याहून जास्त कोरी. देवाचे आभार मानायला बसलो की आधी ती कोरी पानंच आठवतात.