तिसरी रांग

उद्या माझा सत्कार आहे आणि भाषणाचा चौथा कागद मी आत्ताच फाडला. भिजत घातलेल्या बांबूचा वास घरभर सुटलाय. तो सारखा बिबवेवाडीच्या त्या सभागृहात नेतो.

तेव्हा सत्कार मामांचा होता, बुरूडकाम शिकवतात म्हणून. पाहुण्यांनी मला विचारलं, “सूप विणायला कोणी शिकवलं?”

मी ठणकावून म्हटलं, “मामांनी!”

खरं तर मामा नुसते बांबू चिरून द्यायचे. माझी रक्ताळलेली बोटं धरून वीण शिकवली ती मामींनी. त्या तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर आल्यावर मी चाचरले, “मामी, तुमचं नाव राहिलंच.”

“असू दे गं. शाल एकच होती.”

सुटल्यासारखी हसले मी तेव्हा. उद्या तशीच शाल माझ्या खांद्यावर येईल, आणि मामी कुठल्याच रांगेत नसतील.