दोरीवरचं ओलं लुगडं

रविवारची उपासना आटोपून आळीतल्या योहानकाकांबरोबर घरी निघालो होतो. वाटेत नव्या बाप्टिस्ट मंडळीची पत्र्याची शेड लागते. तिच्यामागे दोरीवर पांढरे कपडे वाळत होते. सकाळी त्यांच्या हौदात बाप्तिस्मे झाले असणार. त्या कपड्यांत एक निळ्या काठाचं लुगडं होतं. रूथमावशीचं, म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीचं.

ही मंडळी आमच्या चर्चमधूनच फुटली. पाणी तान्ह्या बाळाच्या कपाळावर शिंपडावं, की कळत्या माणसाला त्यात बुडवून काढावं, एवढाच वाद. एकमेकांवर प्रीती करा म्हणून दर रविवारी गाणारी आम्ही माणसं पाण्यावरून भांडलो आणि अर्धी आळी उठून गेली. आता तीच गाणी शेडमधूनही ऐकू येतात. चालसुद्धा तीच.

मावशी तिकडे निघाली तेव्हा काका म्हणाले होते, "आईच्या मांडीवर तुझ्या डोक्यावर पाणी पडलं, ते काय वाया गेलं?"

"दादा, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?"

यावर गप्प बसण्याइतकं शहाणपण आमच्यातल्या कुणाकडे नव्हतं.

आज लुगड्याचं एक टोक मातीत लोळत होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. काका थांबले. तारेच्या कुंपणावरून वाकून त्यांनी ते उचललं, झटकलं, दोरीवर नीट टाकलं.

"हिला एकटीला लुगडं पिळता येत नाही," ते म्हणाले. "दुसरं टोक मी धरायचो."