मसाल्याच्या बरणीचं झाकण

“पाणी लावायचा नाय. आत नाय, भायेर नाय. सांगून ठेवतंय.”

शनिवारची सकाळची पॉटरीची बॅच चालू होती. सगळी चाकं फिरत होती, सगळ्यांचे हात मनगटापर्यंत चिखलात. आणि दारात पारूमावशी उभी. कडेवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी, लहान मूल धरावं तसं धरलेलं. ते टेबलावर ठेवून तिने गाठ सोडली आणि आख्ख्या स्टुडिओत मसाल्याचा वास भरला. नीरज म्हणून माझा एक विद्यार्थी आहे, पवईला कॉम्प्युटरवर बसतो आणि शनिवारी माझ्याकडे माती कालवतो. त्याची वाटी तिथेच चाकावर कलंडली.

लुगड्यातून निघाली चिनीमातीची बरणी. वरून तपकिरी, खालून पांढरट, आपल्या सगळ्यांच्या घरी लोणच्याची असायची तशी. झाकण नव्हतं.

“ह्याला झाकण करून दे,” मावशी म्हणाली. “ह्याच रंगाचा. दुसरा नको.”

पारूमावशी वेसाव्याची कोळीण. अंधेरीत चार बंगल्याच्या बाजारात तिची मासळीची पाटी. माझा स्टुडिओ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा. मी तिच्याकडून इतकी वर्षं मासे घेते आहे की आता ती मला विचारत नाही, ठरवते. “आज सुरमई नको, बांगडा ने.” मी नेते. पण माझ्या स्टुडिओत ती पहिल्यांदाच आली होती.

“मावशी, नवीन बरणीच करून देते की. झाकणासकट.”

“मना नवी कशाला?”

मग कळलं ते असं. मावशीचे गुडघे गेलेत. येत्या पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की ती पाटी सोडणार. नंतर पाटीवर सून बसणार, रेश्मा. पाटीबरोबर मसालाही तिच्याकडे जाणार. कोळ्यांच्या घरी वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो. मिरच्या वाळवायच्या, सगळं भाजायचं आणि डंकावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, कुटून आणायचं. मावशीच्या सासूने पहिल्या मसाल्याच्या वेळी ही बरणी तिच्या हातात दिली होती. तेव्हापासून घरचा मसाला हिच्यातच. यंदा ती रेश्माच्या हातात द्यायची. आणि घरच्या मांजरीने फळीवरून झाकण पाडून फोडलं.

“अशी उघडी बोडकी बरणी सुनेला देऊ?” मावशी म्हणाली. “माज्या सासूनं मना भरलेली दिली, झाकलेली दिली. मी काय फडका बांधून देऊ?”

तिचे डोळे भरले. बाजारात गिऱ्हाइकाला उभं कापणारी ही बाई. मी हात पुसले आणि बरणी माझ्या फळीवर ठेवली.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. म्हणजे तयार झाकण हवं त्या मापाचं हवं असेल तर ओलं झाकण मोठं करावं लागतं. किती मोठं, ते प्रत्येक मातीचं वेगळं. म्हणून कुंभार भांडं आणि झाकण एकाच मातीचं, एकाच वेळी करतात आणि भट्टीत जोडीनेच घालतात. दोघं बरोबर आकसतात, बरोबर वाकडी होतात, आणि एकमेकांना बसतात. पुष्कळ लग्नं अशीच टिकतात. इथे बरणी केव्हाच आकसून मोकळी झालेली आणि झाकण अजून व्हायचं होतं. मी सावधपणे थोड्या थोड्या फरकाची झाकणं केली, प्रत्येक मापाची दोन, आणि त्यातलं एकेक पूर्ण भाजून बघितलं. त्यातली दोन आत पडली, एक वर डुगडुगलं, एक मात्र खट्ट करून बसलं. त्याच्या जोडीचं कच्चं झाकण रंगासाठी ठेवलं. मापाची काळजी मिटली.

राहिला रंग. आणि रंगाने माझी वाट लावली.

भांड्यावर जो काचेचा थर असतो त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. गार, चुना, फेल्डस्पार असे दगडांचे भुगे पाण्यात कालवायचे, भांडं त्यात बुडवायचं आणि भट्टीत घालायचं. आत ते वितळतं आणि थंड होताना काच होते. तपकिरी रंग येतो लोखंडाच्या ऑक्साइडने, सरळ सांगायचं तर गंजाने. अडचण ही की बादलीत हे ग्लेझ गेरूसारखं लाल दिसतं. भट्टीतून काय निघणार ते भट्टी उघडल्यावरच कळतं. म्हणून आधी मातीच्या छोट्या पट्ट्यांवर लावून बघायचं. त्या टेस्ट टाइल्स.

पहिल्या टाइल्स डब्यात घालून मी बाजारात नेल्या. मावशीने हात पुसले आणि एकेक टाइल पापलेटांशेजारी बर्फावर मांडली.

“ह्यो गूळ झाला.”

“आणि हा?”

“चहा. दूध जास्ती पडलेला.”

“मावशी, हा तरी?”

“ह्यो बरा हाय. पण चकाकतंय किती! माजी बरणी अशी चकाकते?”

नव्हती चकाकत. खरं तर त्याच गोष्टीने मी चक्रावले होते. अशा बरण्या माझ्या हातून कितीतरी गेल्या आहेत, सगळ्या कशा लखलखीत. ही एक दबलेल्या, मऊ तपकिरी रंगाची होती, जवळजवळ काळपट. भाजलेल्या खोबऱ्याकडे झुकलेली. मी शनिवारच्या बॅचला त्यावर व्याख्यानही दिलं. जुन्या कारखान्यांकडे कोळशाच्या भट्ट्या होत्या, धुराने ग्लेझवर परिणाम होतो, भट्टी सावकाश थंड झाली की काचेत बारीक स्फटिक धरतात आणि चमक जाते. बोलले ते सगळं शास्त्राला धरून होतं. नीरजने तर फोनवर रंग ओळखायचं अ‍ॅप काढलं. त्या अ‍ॅपने एकाच बरणीवर तीन ठिकाणी तीन रंग सांगितले.

“मॅडम, अ‍ॅप कन्फ्यूज झालंय.”

“मी पण झालेय. बस चाकावर.”

बरणी दरम्यान माझ्या फळीवरच होती. मावशी ती ठेवून गेली, पण जिवावर दगड ठेवून. रोज बाजारातून घरी जाताना दारातून डोकावायची. “हाय ना बरणी?” आहे. “पाणी नाय ना लावलं?” नाही गं बाई, कोरड्या फडक्यानेसुद्धा पुसली नाही. मसाल्याच्या भांड्याला पाणी लागलं की मसाला खराब होतो हे आपल्याकडे कुठल्याही घरात सांगतात. मावशीने तो नियम बाहेरच्या अंगालाही लावला होता. मी म्हटलं, तिची बरणी, तिचा नियम. बरणीच्या वासाने मात्र बॅचचं वाटोळं झालं. अकरा वाजले की सगळ्यांना भुका लागायच्या. कप करायला बसलेली मंडळी जेवणाच्या गप्पा मारायची.

मी लोखंड वाढवलं. मग थोडं मँगनीज घातलं, त्याने रंग काळपटतो. मॅग्नेशियाचं प्रमाण वाढवून चमक मारली. भट्टी बंद केल्यावर आपोआप थंड होऊ न देता मध्येच धरून ठेवली, म्हणजे ती हळू उतरेल. एक टाइल डांबरासारखी निघाली. एकीवर फोड आले. एक इतकी सुंदर निघाली की मी ती गुपचूप बाजूला ठेवली, पुढे कपांसाठी वापरू म्हणून. पण बरणीचा रंग तो नव्हे.

मे महिना निम्मा सरला. मावशीच्या गच्चीवर मिरच्या वाळून तयार झाल्या.

“बाय, डंकावर नंबर लागला आमचा,” ती म्हणाली. यावेळी आवाजात जोर नव्हता. “नाय जमलं तर सांग. मी फडका बांधीन.”

तिने फडक्याचं नाव काढलं आणि मला ते लागलं. त्याच दिवशी मी शेवटचं मिश्रण केलं आणि टाइलबरोबर झाकणही भट्टीत घातलं. आधी टाइल बघायची, मगच वस्तूला हात लावायचा, हा आमचा पहिला धडा. मी तो दर बॅचला शिकवते. त्या दिवशी स्वतः मोडला.

भट्टी उघडली तेव्हा मावशी शेजारी उभी होती. मी झाकण काढलं, कोमट होतं अजून. खिडकीपाशी नेऊन बरणीवर ठेवलं. खट्ट.

रंग कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. तोच दबलेला तपकिरी, तीच मऊ झाक. नीरजने टाळ्या वाजवल्या, मागून सगळ्या बॅचने. मावशीने झाकणावरून तळहात फिरवला, मग बरणीवरून, मग पुन्हा झाकणावरून.

“माजीच हाय,” एवढंच म्हणाली. बरणी लुगड्यात बांधली आणि घेऊन गेली. खरं सांगते, इतक्या वर्षांत प्रदर्शनं केली, मोठाल्या हॉटेलांना डिनरसेट दिले, पण असं सुख मला कशाने झालं नव्हतं.

मसाला डंकावरून आला त्या रविवारी मला जेवायला बोलावणं होतं. वेसाव्याच्या गल्लीत शिरल्यापासूनच डोळे चुरचुरायला लागले. मावशी नवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. समोर परातीत लालभडक मसाल्याचा ढीग. शेजारी पाटावर माझं झाकण, हळदकुंकू लावलेलं.

“रेश्मा, आण गं बरणी!”

रेश्मा आतून आली. चांगली हसऱ्या चेहऱ्याची, चटपटीत मुलगी. बाजारातल्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिनेच सुरू केलाय. तिने बरणी दोन्ही हातांनी धरली होती.

बरणी लखलखत होती. मधाच्या रंगाची, अगदी काचेसारखी. खालच्या पांढऱ्या भागावर एक निळी रेघ होती, ती मी कधी पाहिलीच नव्हती.

“आई, बघा,” रेश्मा म्हणाली. “काल बसून घासली. राख, काथ्या, साबण, सगळं केलं. पाणी फक्त बाहेरून हां, आत थेंब नाही जाऊ दिला. नवा मसाला नव्यासारख्या बरणीत भरायचा ना?”

मी झाकणाकडे बघितलं. लख्ख बरणीशेजारी ते जळक्या भाकरीसारखं दिसत होतं.

आणि मला कळलं. कोळशाची भट्टी नाही, स्फटिक नाही, जुन्या कारखान्याची कृतीबिती काही नाही. तो मावशीचा हात होता. इतक्या वर्षांची तेलाची बोटं, मसाला, चुलीचा धूर. थरावर थर. मी मळाचं ग्लेझ केलं होतं, तेही बाराशे अंशाला भाजून, पक्कं. बाहेरच्या अंगाला पाणी लावू नको हे मावशीने मला रोज बजावलं होतं. सुनेला सांगितलंच नव्हतं. मावशीला वाटलं, घरातल्या माणसाला काय सांगायचं.

रेश्माने आमचे चेहरे बघितले, झाकण बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

“आई, माझं चुकलं का? रंग... मी खराब केली?”

“अगं, बरणी खराब नाही झाली,” मी घाईघाईने म्हणाले. “मावशी, मला आठवडा दे. ह्या रंगाचं झाकण तर डोळे मिटून होईल. हा तर नेहमीचाच तपकिरी.”

मावशीने ऐकलंच नाही. तिने झाकण उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, दाराच्या उजेडात धरलं. बोटांनी त्याची मूठ चाचपली. मग पहिल्यांदा तिच्या सासूचं नाव तिच्या तोंडून आलं.

“धोंडूबाईनं दिली तवा अशीच व्हती,” ती म्हणाली. “अशीच लखलखीत. ही निळी रेघ. इसरलेच होते मी.” मग झाकणावर बोट ठेवलं. “आनि ह्यो रंग माजा. माज्या हाताचा. बरणीवरचा गेला धुऊन, पण ह्या बायनं धरून ठेवलाय.”

“आई, सॉरी...”

“रडतंस कशाला? बस हिते. भर मसाला.”

रेश्मा बसली. मूठमूठ मसाला दाबून भरायला लागली, मावशी बघत राहिली. बरणी गळ्यापर्यंत भरली तेव्हा मावशीने स्वतःच्या हाताने ते काळपट झाकण वर ठेवलं. खट्ट.

“झाकण माजं, बरणी तुजी,” ती सुनेला म्हणाली. “आता तू हात लाव. कर माज्यासारखी काळी. बगू किती वर्सं लागतात.”

रेश्माने मसाल्याच्या हातानेच डोळे पुसले. मग काय, घरात एकच धावाधाव. मी पाणी आणलं, मावशीने शिव्या घातल्या, आणि सगळेच हसायला लागलो. मलाही भरून आलं होतं, पण मसाल्याचं निमित्त होतं म्हणून खपून गेलं.

पारूमावशी आता बाजारात येत नाही. पाटीवर रेश्मा असते. तीही हल्ली मला विचारत नाही, ठरवते. मासे पिशवीत घालता घालता मी विचारते, “आला का रंग?” ती म्हणते, “कुठे ताई! तळाशी जरासा धरलाय. आई रोज बघतात आणि हसतात.”

स्टुडिओत मी आता पहिल्याच दिवशी सांगते, जुन्या भांड्याचा रंग जुळवायचा असेल तर ते आधी स्वच्छ धुऊन घ्या, नाहीतर मेहनत मळावर जाते. नीरज मागून म्हणतो, “मॅडम, मग मावशीची बरणी?”

ती मी आधीच धुतली असती, तर मावशीचा रंग झाकणावरही उरला नसता, सगळा मोरीत गेला असता. तेव्हा आधी विचारा, मग धुवा.