भाग जात नाही तिथे

सांगलीतल्या एका मोठ्या शाळेत, आठवीच्या वर्गात, मी फळ्यासमोर उभी होते. सहाशे अठरा भागिले सहा. मी उत्तर लिहिले, तेरा. सरांनी खडू माझ्या हातातून काढून घेतला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "मधलं शून्य खाल्लं हिनं. घरी काही मिळत नाही वाटतं."

वर्ग हसला. हसू ओसरल्यावर ते शांतपणे म्हणाले, "जा, बस. तुमच्या लोकांना काय, सरकार ढकलतंच वर. ढकलपास."

त्या दिवशी माझे नाव गेले. ढकलपास आली. ढकलपासला नळावर शेवटी घ्या. ढकलपासची वेणी बघा.

मला भागाकार खरोखरच येत नव्हता. ते अपमानापेक्षा जास्त जाळायचे. चौथीपासून प्रत्येक वर्गात शिक्षक म्हणत, भागाकार झाला, आणि पान उलटत. त्यांचा झाला होता. मला आला नव्हता. झाले आणि आले यांत केवढे अंतर असते, हे मला कुणी विचारले नाही. माझ्या लाजऱ्या जिभेनेही ते कुणाला सांगितले नाही.

नववीला आईने मला पाटणच्या वरच्या डोंगरात मामाकडे पाठवले. तिथली सरकारी माध्यमिक शाळा दोन खोल्यांची, मुले मोजकीच, गणिताला एकच बाई. त्या वर्गात झाले हा शब्द चालत नसे. बाई विचारायच्या, "आलं का?" आले तर पुढे. नाही आले तर तिथेच, दुसऱ्या वाटेने पुन्हा. नापास कुणी नव्हते; होते ते 'अजून आलं नाही'. आणि ज्याला आले त्याने ते दुसऱ्याला शिकवून दाखवायचे. समोरच्याला कळले, तरच तुला आले.

बाईंनी माझ्यापुढे खराट्याच्या काड्या ठेवल्या. शंभराच्या सहा जुड्या, दहाची एक, सुट्या आठ. सहा जणींत वाट, म्हणाल्या. शंभराची एकेक जुडी प्रत्येकीला गेली. दहाची माझ्या हातात राहिली.

"ही कुणाला देणार?"

"कुणालाच न्हाई. जुडी एक, माणसं सहा."

"मग दहाच्या घरात कोण बसलं?"

"कुणी न्हाई."

"ते लिही. कुणी नाही, हेसुद्धा लिहावं लागतं. नाहीतर त्याची जागा जाते."

मी शून्य लिहिले. मग जुडी सोडली, सुट्या काड्यांत मिसळली, तीन-तीन वाटल्या. एकशे तीन. मला रडू आले नाही. राग आला. एवढेच होते. एवढ्या वर्षांत एक जुडी सोडून दाखवावी, असे कुणालाही वाटले नव्हते.

दहावीत तेजू माझ्या शेजारी आली. खालच्या गावातल्या मोठ्या बागायतदाराची मुलगी. नदीकाठी ऊस, घरातली दोन माणसे फौजेत, शाळेच्या समितीत शब्दाला वजन. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. तेजूला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. ती छेदांचीही बेरीज करून टाकायची. मला आले होते, म्हणून बाईंनी तिला माझ्यापाशी बसवले.

आबा चपला घालूनच वर्गात आले.

"बाई, हिच्याकडनं शिकायचं माझ्या पोरीनं?"

"हिला आलंय, आबा. म्हणून ही शिकवते."

"तेजीला पुढं घ्या. बाकीचं मी बघतो."

बाईंनी हजेरीच्या वहीकडे पाहिले. शाळेचा पट कमी होता. आबांच्या एका शब्दावर खोल्यांना कुलूप लागले असते. तोवर मी कोणत्याही मोठ्या माणसासमोर तोंड उघडले नव्हते.

"आवं आबा, ढकलपास करायची हाय व्हय तिला?"

त्यांना आधी कळलेच नाही. मग कळले. "उठ तिथनं," ते म्हणाले.

"मला आलंय. मी उठणार न्हाई."

तेजूने मान वर केली नाही. फक्त पुटपुटली, "आबा, मला अजून आलं न्हाई वो."

त्यांनी तिला दंडाला धरून नेले आणि सांगलीच्या त्याच मोठ्या शाळेत घातले. ती पुढे गेली. तिला कुणी ढकलपास म्हटले नाही. आम्हाला वर सरकवले की ती मेहरबानी होते. तिला सरकवले की ती ओळख होते. त्या पोरीला अपूर्णांक आले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

आता मी म्हसवडकडच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते. परवा साताऱ्याला शिक्षकांच्या बैठकीत शिक्षणखात्याच्या साहेबांनी विचारले, आठवीचा भागाकार झाला का? सगळ्यांनी हो म्हटले. मी उभी राहिले. आवाज नेहमीसारखाच बारीक.

"माझ्याकडं दोघींना अजून आला नाही."

"मॅडम, ढकला की पुढं," मागून कुणीतरी म्हणाले. बैठक हसली. फळ्यासमोर ऐकलेले तेच हसू.

"ढकलणार नाही."

साहेबांनी सगळ्यांदेखत बदलीचे सुचवले. व्हावी. जिथे पाठवतील तिथेही कुणाला तरी भागाकार आला नसेल. काड्यांची जुडी मी बरोबर नेईन. त्या पोरीसमोर बसेन, विचारेन, आलं का? आणि तिला येईपर्यंत, कुणीही चपला घालून आत आले तरी, मी उठणार नाही.