विकतचा गडगडाट

गडगडमामा नुसते खाकरले तरी आमच्या गुंद गावातली कुत्री ओट्याखाली शिरायची. खोटं वाटत असेल तर गुंदात कुणालाही विचारा; कुत्र्यांना विचारलंत तरी चालेल. मामा आमच्या नाटकमंडळीचे माइकवाले. नाटकात वीज कडाडायची असली की ते विंगेत पत्रा हलवायचे आणि वर तोंडानं गडगडायचे. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव मतदार यादीत असेल.

नव्या वस्तूचं त्यांना भारी वेड. कुणी काही आणलं की हात पुढं, "दाव बघू!" दाखवलं की दुसरी फर्माईश ठरलेली, "आता माझ्यात वाजवून दाव." माझ्यात म्हणजे त्यांच्या लाउडस्पीकरच्या सेटवर. कॅसेट असो की सीडी, त्या सेटवर वाजली की ती गुंदापासून कॅसलरॉकपर्यंत घरोघर फिरायची, आणि कधीकधी परतही यायची.

आणि मग मी शहाणा झालो. मोबाइलवर मला आवाजांचं एक दुकान सापडलं. सात तऱ्हेचे गडगडाट, एकदाच पैसे भरा, 'कायमचे तुमचे'. भरले! धावत मामांच्या अंगणात जाऊन सातही ऐकवले. मामा नाचायचेच बाकी राहिले.

"तम्मा, ह्यो चौथा ऐक! ह्यो अणशीच्या घाटातलाच हाय बघ!"

त्याच दिवशी त्यांनी पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकून टाकला. "आता आपुन रिटायर." मग आलीच फर्माईश, "माझ्यात वाजवून दाव."

मी आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून तो सेटला लावला. सेट गप्प. ते आवाज त्याच दुकानाच्या अ‍ॅपमध्ये, माझ्याच मोबाइलवर उघडायचे.

"लायसन असतं त्याला, मामा."

"म्हंजे जंगल खात्याचा पास म्हण की. लाकूड त्यांचं, तू नुसता खांद्यावर घिऊन चाललास."

"छे हो! कायमचं घेतलंय."

"व्हय? मग बरं." मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची एक संघटना निघू शकेल.

रात्री जंगलाचं गेट बंद होतं, म्हणून अणशीतलं आमचं नाटक भर दुपारी. पहिल्या रांगेत रामनगरची मंडळी. नाटक पसंत पडलं तर ती आम्हाला त्यांच्या जत्रेला बोलावणार होती. रामनगरच्या मोठ्या स्टेजवर आपला सेट लावायचा, ही मामांची जन्माची हौस. तिसऱ्या अंकात राणी रानात एकटी, वर वादळ. राणी म्हणजे आमचा परसू. त्यानं आभाळाकडं हात केले, "अगं बाई, वीज!" मी मोबाइल माइकसमोर धरून बटण दाबलं. मोबाइलवर अक्षरं उमटली : परवाना तपासायचा आहे, नेटला जोडा.

अणशीत नेट! मोबाइल दातांत धरून मी मांडवामागच्या जांभळावर चढलो. वरून सगळं दिसत होतं. रखरखीत उन्हात परसू तिसऱ्यांदा म्हणत होता, "अगं बाई, वीज!" मागून कुणीतरी ओरडलं, "बिल भरलं न्हाई काय रे?" मांडव हसून फुटला. रामनगरकर चपला शोधू लागले.

मामांनी वर बघितलं. "पास संपला काय, तम्मा?" आणि माइक ओढला.

पत्रा नव्हता, नुसता घसा. आधी डोंगरापलीकडं बारीक कुरकुर. मग घाट उतरत, वळणं घेत, जवळ येत येत आलेली घरघर. आणि मग असं काही कडाडलं की पोरं आयांना बिलगली, परसू खरोखरच मटकन खाली बसला, कुत्री स्टेजखाली! सगळा मांडव चिडीचूप. नेमका त्या क्षणी मी झाडावरून बोंबललो, "आली! एक कांडी आली!"

नेटची कांडी हो. पण ऐकतो कोण? टाळ्या थांबेनात. रामनगरकरांनी तिथंच आमंत्रण दिलं आणि मामांनी मला झाडावरून उतरवून मिठी मारली.

जत्रेआधीच मामा गेले. छातीचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच सुमारास ते दुकानही बंद पडलं. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार' असा निरोप आला आणि कायमचे माझे असलेले सातही गडगडाट त्याच्याबरोबर गेले.

मामांचा मात्र राहिला. त्या दुपारी मांडवात कुणीतरी साध्या मोबाइलवर तो भरून घेतला होता. तो कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही सेटवर वाजतो. या हातातून त्या हातात जात तो तालुकाभर पसरला. फक्त शेवटी माझी आरोळी चिकटलेली आहे, आणि ती कापायला कुणी म्हणजे कुणी तयार नाही.

रामनगरला आम्ही मामांचाच सेट लावला. परसूनं हात वर केले. मी बटण दाबलं. घाट उतरत मामा आले, कडाडले, आणि माझ्या आवाजाच्या आधीच सगळा मांडव गरजला, "आली! एक कांडी आली!" राणी तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र खाली बघत होतो. मामांना जन्मात कधी न पाहिलेली रामनगरची कुत्री एकामागून एक स्टेजखाली शिरत होती.