करडीच्या तेलातली पेटी

पेटीत तेल ओतणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. लातूर पडलं तेलाचं गाव. दार कुरकुरलं, घाला तेल. गुडघा धरला, चोळा तेल. आणि पेटीची पट्टी खडखडली तरी तेलच. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि त्या सालच्या दुष्काळात लाकूड वाळून सगळ्याच पेट्या खडखडत होत्या. मी तेव्हा बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचो.

चाकूरहून एक बाई पेटी घेऊन आल्या. लातूरला मुलींच्या नव्या शाळेत गाणं शिकवायची एकच जागा निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तिथं वाजवून दाखवायचं होतं.

"भाऊ, पट्ट्या लई जड झाल्यात. दाबली की वरच येईना," त्या म्हणाल्या. "खडखड थांबावी म्हणून दिरांनी करडीचं तेल घातलं व्हतं."

झाकण काढलं आणि नाकाला रुमाल लावला. तेलाचा डिंक झालेला, त्यात डाळमिलची धूळ आणि झुरळांचे पाय. वर तो खवट वास. प्रत्येक पट्टीच्या मागं चामडं लावलेली एक झडप असते. स्प्रिंग ती घट्ट दाबून धरते, म्हणून पट्टी दाबल्याशिवाय सूर वाजत नाही. इथं सगळं चामडं तेल पिऊन कडक झालं होतं. ते खरवडून नवं लावायला हवं होतं. चार पट्ट्यांचं लावलं. हात कोपरापर्यंत चिकट झाले, आणि घरात पाणी दिवसाला एक घागर. पुढं मला हात घालवेना. बाकीच्या पट्ट्या नुसत्या पुसल्या आणि स्प्रिंगा वाकवून सैल केल्या. बाईंनी हळू भाता मारत वाजवून पाहिलं. पट्ट्या फुलासारख्या हलक्या लागल्या म्हणून त्या खूश झाल्या. जोरात भाता मारल्यावर काय होईल ते मला ठाऊक होतं. ते त्यांना न सांगताच मी पेटी हवाली केली.

चार दिवसांनी त्या परत आल्या. "मधीच एक सूर आपोआप वाजायला लागला भाऊ, थांबंचना. साहेब लोक हसले. जागा गेली." मग खाली बघत म्हणाल्या, "माझंच बोट कुठं अडकलं असंल."

"व्हतं असं," मी म्हणालो. "रियाज कमी पडला असंल तुमचा."

हे माझं वाक्य आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते. त्यांनी मान डोलावली, आणि रोज किती वेळ वाजवत जाऊ, असं मलाच विचारलं.